तरव्यात राहिलेलं रोप

२६ जून

पोहोचलो एकदाच्या. भोरच्या स्टँडवरून टेम्पो केला. टेम्पोत आमच्या बॅगा, माझ्या संशोधन संस्थेच्या यंत्रांचे खोके आणि खोक्यांवर राणीसारखी बसलेली शिवानी. उत्रोली मागे टाकली की रस्ता डोंगराला लागतो आणि जिथे तो कंटाळून संपतो तिथे ही वाडी. मोजकी घरं, आणि त्यांच्याखाली पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं. हे सगळं आपलं का, असं शिवानीनं विचारलं. मी म्हटलं, भात निघेपर्यंत आपलंच.

ज्यांच्या खाचरांत माझं काम आहे ते गोरखदादा, त्यांची बायको छायावहिनी आणि गोरखदादांच्या आई ठकुबाई. पडवीला लागून असलेली खोली त्यांनी आम्हाला दिली आहे. ठकुबाई ऐंशीच्या पुढच्या असतील, पण बांधावरून चालताना धाप मला लागते, त्यांना नाही. त्यांनी दारातच शिवानीची दृष्ट काढली आणि मला विचारलं, "एकलीच आलीस व्हय लेकराला घिऊन?" म्हटलं, हो, हिचे बाबा, अजित, गेल्यापासून आम्ही दोघीच. जिथे मी, तिथे ती. त्यावर त्या बराच वेळ शिवानीकडेच बघत राहिल्या. म्हाताऱ्या माणसांना लहान पोरं आवडतातच.

रात्रीच्या जेवणाला इंद्रायणीचा मऊ भात आणि आमटी. शिवानीनं दोनदा मागून घेतला. पुण्यात हीच मुलगी एका पोळीसाठी मला घरभर फिरवते.

३० जून

काम काय ते सगळ्यांना समजावून झालं. गोरखदादा म्हणाले, म्हंजी पानाला ताप आलाय का बघाय आलात. जवळजवळ तेच. मोठ्या यंत्राच्या चिमट्यात जिवंत पान धरायचं. ते किती हवा आत घेतं, किती पाणी सोडतं, उन्हाचं किती अन्न करतं ते आकड्यांत दिसतं. दुसरा छोटा चिमटा पान किती हिरवं ते सांगतो. तिसरा पानाला थोडा वेळ अंधारात ठेवून उजेडाचा झटका देतो, त्यावरून पान किती ताणात आहे ते कळतं. निरोगी पान शून्य दशांश आठच्या आसपास असतं. त्याखाली घसरायला लागलं की पिकाचं काहीतरी दुखतंय. अशीच खाचरं मी किकवी, भोंगवली आणि पलीकडे वेल्ह्यातही निवडली आहेत. स्कूटीवरून फिरायचं, मोजायचं, परत यायचं.

शिवानीनं हट्टानं हिरव्या चिमट्यात आपलं बोट घातलं. पडद्यावर नुसत्या दोन रेघा. बोटात हिरवं काही नसतं, म्हणून यंत्राला काय बोलावं ते सुचत नाही. ती हिरमुसली.

तिला मैत्रीण मात्र मिळाली. तिच्याच वयाची, अक्काबाई. आजच्या काळात पोरीचं नाव अक्काबाई ठेवणारे लोक शूरच म्हणायचे. शाळेत जात नाही, बोलत तर त्याहून नाही. दिवसभर तरव्याच्या कडेला. तरवा म्हणजे भाताची दाट पेरलेली कोवळी रोपं, जी पुढे उपटून खाचरांत लावतात. मी छायावहिनींना विचारलं, तुमची का? त्या म्हणाल्या, "आमच्या घरची हाये," आणि भाकरी थापत राहिल्या.

१४ जुलै

आज लावणी लागली. अख्खी वाडी चिखलात. पाऊस उघडला होता आणि ऊन इतकं स्वच्छ की यंत्राला याहून चांगला दिवस मिळाला नसता. तरव्याची शेवटची मोजणी आजच व्हायला हवी होती, कारण दुपारपर्यंत सगळी रोपं उपटून जाणार.

इथली एक रीत मला फार गोड वाटली. लावणीच्या पहिल्या दिवशी वाडीतल्या लहान पोरांना तरव्यात घोटाभर चिखलात उभं करतात. बायका त्यांच्या भोवतीची रोपं उपटत, मुठी बांधत जातात आणि शेवटची मूठ बांधून झाली की प्रत्येक आई आपलं पोर दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढते, पाय धुते. दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. पोरं भातासारखी वाढावीत, म्हणून हे सगळं. ठकुबाईंनी मला विचारून शिवानीलाही उभं केलं. मी फोटो काढले.

मग माझी पंचाईत झाली. कडेच्या रोपाचं पान मोठ्या यंत्रात धरलं होतं. आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवून चालत नाही, हलला की सगळं पहिल्यापासून. बाकीच्या आयांनी आपापली पोरं काढली. ठकुबाईंची हाक आली, "बाई, लेकरू काढा." मी बोट वर केलं, थांबा म्हणून. आकडा काही ठरेना. छायावहिनींना म्हटलं, तुम्हीच काढा ना तिला. त्यांनी सासूकडे बघितलं आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. ठकुबाईंनी दुसरी हाक मारली नाही. रिकाम्या तरव्यात शिवानी एकटी उभी, वर ऊन. मला सगळ्यांचा रागच आला. एवढं काय ते, एका मुलीला उचलायचं तर होतं.

मी गेले तेव्हा तिचे पाय सहज निघेनात. दोनदा ओढावे लागले, ती जरा रडली. धुताना तळव्यांना बारीक पांढरे तंतू चिकटलेले दिसले, तुटक्या मुळांचे असतील. चोळूनही सगळे गेले नाहीत. उद्या आंघोळीत निघतील.

आकडा मात्र सुरेख मिळाला.

२८ जुलै

शिवानी जेवत नाही. रागावले, लाड केले, भोरहून बिस्किटांचे पुडे आणले. ताटाकडे बघून ती दुसरीकडे तोंड करते. वाळली म्हणावी तर तसंही नाही, उलट गेल्या आठवड्यात फ्रॉक आखूड झाला. खालच्या शाळेत नाव घातलंय, पण सकाळी अक्काबाईबरोबर खाचराच्या बांधावर जाऊन उभी राहते आणि तिथून हलायला तयार नसते. तोंड सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. ढगाळ दिवशी पडवीत नुसती पडून असते.

पाणी पीत नाही. बादलीत पाय घालून बसते. आज मी बादली काठोकाठ भरून ठेवली होती. उचलायला गेले तर निम्मी रिकामी. जमीन कोरडी होती. मी फरशीवरून हात फिरवून बघितला.

तळव्यांचे तंतू निघालेले नाहीत. एक ओढून बघितला तर ती किंचाळली आणि तिथून रक्त आलं.

९ ऑगस्ट

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

शिवानीनं पुन्हा हिरव्या चिमट्यात बोट घातलं आणि आकडा आला. मला वाटलं, यंत्र बिघडलं. तपासलं, बरोबर होतं. माझ्या बोटाला रेघा. छायावहिनींच्या बोटाला रेघा. शिवानीला पुन्हा तोच आकडा, कोवळ्या, नुकत्याच उलगडलेल्या पानाचा असतो तेवढा.

मग अक्काबाईनं स्वतःहून आपलं बोट पुढे केलं. तिचा आकडा खाचरातल्या भरल्या पिकाचा होता. छायावहिनी घरात निघून गेल्या.

शिवानीला उन्हात नेऊन नीट बघितलं. पापणीची आतली बाजू, नखांच्या खालची कातडी. जिथे गुलाबी असायचं तिथे –

भोरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, रक्त कमी आहे, टॉनिक घ्या. सुई टोचली तेव्हा नळीत आलेलं रक्त इतकं फिकं होतं की त्यांनीही ती उजेडाला धरून बघितली. 

१७ ऑगस्ट

किकवीच्या शेतावर तिला बरोबर नेलं, वाडीपासून दूर ठेवावं म्हणून. निघताना मागे घट्ट धरून बसली होती. हायवे लागला तशी तिची पकड सुटत गेली. शेताशी पोहोचेपर्यंत मान एका खांद्यावर पडलेली, ओठ सुकलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पाणी पाजलं, ते कडेनं ओघळून गेलं. पाटात पाय ठेवले तरी काही नाही. तिथलं पाणी तिला चालेना.

तिसरा चिमटा लावला. हो, लावला, माझ्या मुलीच्या दंडाला. आकडा माझ्यासमोर घसरत होता. दुष्काळात पान मरतं तेव्हा घसरतो तसा.

परत फिरले. गाडी कशी चालवली ते आठवत नाही. गोरखदादांच्या खाचरात तिला उतरवलं आणि तिची मान हळूहळू वर आली. ती हसली. मी बांधावर बसून ढसाढसा रडले. गोरखदादा लांब उभे होते. "ताई, तिला आता कुठं नेऊ नका," एवढंच म्हणाले.

२५ ऑगस्ट

तरीही नेलं. मी तिची आई आहे, खाचरात सोडून कशी देऊ. जीप ठरवली, घमेल्यात वाडीचा चिखल घेतला, त्यात तिचे पाय. त्या चिखलावर ती पुण्यापर्यंत टिकली. हॉस्पिटलात मी सांगत होते, विनवत होते, की पाय धुऊ नका. घाण पाय घेऊन आत कसं घेणार, असं तिथल्या नर्स म्हणाल्या. चूक त्यांची नाही, कुणीही तेच केलं असतं. चिखल गेला तशी ती माझ्या डोळ्यांदेखत –

माझ्या जबाबदारीवर नेते अशी सही करून परत आणलं. एक बाटली सलाईनची लागली होती, त्यातलं काही तिच्यात गेलंच नाही. जीपवाला वाटभर मागे वळून बघत होता.

आता ती खाचरातच असते. मीही बांधावरच असते. यंत्रं आहेत, मोजते. दुसरं काय येतं मला? आकडा उत्तम आहे. किकवी, भोंगवली, वेल्हे, कुठल्याच पिकाचा एवढा चांगला नाही.

११ सप्टेंबर

पिकाला फुलोरा आला. शिवानीचा पुढचा दात पडला. सहा वर्षांची आहे, पडणारच, असं मी स्वतःला बजावलं.

संध्याकाळी तिनं तोंड उघडून दाखवलं. दाताच्या जागी नवं काहीतरी येतंय. हिरवं, टोकदार. कुसळ असलेलं.

२६ सप्टेंबर

सगळे दात पडले. सगळ्या जागा भरल्या. एक दाणा नखानं दाबला, त्यातून पांढरा चीक आला. शेतात याला दाणा दुधात आला म्हणतात. लोक खूश आहेत. यंदा भात उतरणार म्हणतात.

ती बोलेनाशी झाली आहे. ओठ मिटून उभी असते. मी समोर गेले की डोळे मात्र हसतात. तिचे डोळे आहेत अजून. माझ्या शिवानीचेच आहेत.

७ ऑक्टोबर

आकडा उतरायला लागला.

खाचराचाही उतरतोय. सगळ्या तालुक्यात उतरत असेल. मी शेतकऱ्यांना मेळाव्यात किती वेळा सांगितलंय, पान पिवळं पडलं म्हणून घाबरू नका, तो आजार नाही, पानानं आपल्याजवळचं सगळं दाण्याला दिलंय. लोक माना डोलवायचे. मीच सांगितलंय हे.

भात वर्षाचं पीक आहे. मी आजपर्यंत हा विचार कसा केला नाही? मला वाटत होतं, खाचरात तर खाचरात, पण राहील. जगेल. मी वाडीत घर बांधेन, रोज तिच्याशेजारी बसेन. आणि ते तर –

१० ऑक्टोबर

युरिया फवारला. तिच्या भोवती, तिच्या हातापायांवर. गोरखदादांनी कापणीसाठी खाचराचं पाणी सोडून दिलं होतं, मी फावड्यानं बांध घातला, पुन्हा भरलं. त्यांनी अडवलं नाही. ते स्वतः येऊन माझ्याबरोबर माती ओढू लागले.

आकडा दोन दिवस थांबला. मग पुन्हा उतरला. पिवळ्या पानाला खत देऊन काही होत नाही. हेही मीच सांगत आलेय.

तिच्या कानामागची कातडी वाळलीय. हात लावला की कागदासारखा आवाज येतो.

१६ ऑक्टोबर

आज ठकुबाईंचे पाय धरले. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे, सांगा, काय करू?

त्या बांधावर माझ्याशेजारी बसल्या आणि सांगितलं. अक्काबाई त्यांची नात नाही. मुलगी आहे. गोरखदादांच्या आधीची. ठकुबाई विशीत होत्या तेव्हा लावणीच्या दिवशी भोरच्या बाजारात अडकल्या, आल्या तोवर पोर एकटं तरव्यात उभं होतं. त्या वर्षी भात कापलं तेव्हा ती गेली. पण तिचे दाणे त्यांनी जपले, राख लावून मडक्यात ठेवले, पुढच्या वर्षी तरव्याच्या कडेला पेरले. "आली माजी अक्की. दर साली येती. कापणीला जाती." तेवढीच, तेवढ्याच वयाची. साठ वर्षं.

मी विचारलं, मग त्या दिवशी दुसरी हाक का मारली नाही?

त्या खाचराकडे बघत होत्या. दोघी पोरी हात धरून उभ्या होत्या, दोघी पिवळ्या. ठकुबाई म्हणाल्या, "लई वर्सं एकलीच हाये गं ती. मी किती दिस पुरनार? माज्यामागं तिला पेरनारं कोन?"

मी त्यांचा गळा धरला. छायावहिनींनी सोडवलं.

१९ ऑक्टोबर

कापू नका म्हणून सगळ्यांच्या पाया पडले. गोरखदादांनी आमचा तुकडा शेवटी ठेवलाय. पण न कापून काय होणार? पिकलेलं भात आपोआप झडतं. चिखलात पडलं की उंदीर आहेत, पाखरं आहेत. एक दाणा गेला तर तिचं काय जाईल? बोट? की डोळे?

की मला ओळखणं –

२३ ऑक्टोबर

मान खाली गेली. भरलेल्या लोंबीची जाते तशी. मी हातानं वर धरते. सोडली की पुन्हा खाली.

आकडा नाही. रेघा.

पाखरं हाकलते. दिवसभर नुसती पाखरं –

२५ ऑक्टोबर

सकाळी विळे लागले. वरच्या खाचरापासून खाली येताहेत. कुणी गाणं म्हणत नाही.

अक्काबाई गेली. ठकुबाईंनी पदर पसरला होता. गाठ मारली, उठल्या. माझ्याजवळून जाताना मडकं ठेवून गेल्या. नवं. आत राख.

ऊन डोक्यावर. शिवानीच्या पायाशी बसलेय. खाली चादर घातलीय. वारा नको आता, देवा, वारा नको.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघते. ओठ हलताहेत – इतक्या दिवसांनी – तिला काहीतरी सांगायचंय. तिला मला हाक मारायचीय.

नको राणी. बोलू नकोस. मिटून ठेव. सांडतील.

नको ना –

ती तोंड उघडतेय. दोन्ही हात लागतील, वही खाली ठे